पाच हजार नऊशे सोळा

मला खोटं लिहायला पहिल्यांदा ज्यांनी सांगितलं ते माझे शिक्षक होते. सांगताना त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझं काम लवकर आटपावं, मला साडेचारची एसटी मिळावी, एवढंच त्यांना वाटत होतं. पण गोष्ट खोटी होती ती होतीच, आणि मी ती लिहिली नाही.

साठ सालानंतरची ती वर्षं. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तापीकाठच्या एका गावात आमचं गुजर शेतकऱ्याचं घर. कापूस, केळी आणि नव्यानं लावायला घेतलेला ऊस. घरात आम्ही गुजरी बोलायचो, शेतात आणि बाजारात अहिराणी. मराठी शाळेपुरती. आणि बी.एस्सी.ची पुस्तकं तर इंग्रजीत, म्हणजे एक वाक्य डोक्यात शिरायला तीन भाषा ओलांडून यायचं. गावातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी. वडिलांनी जाऊ दिलं, पण अट घालून. "एकदा जरी परीक्षेत अडकलीस, तर दुसऱ्या दिवसापासून घरी. मग मी सांगेन तिथं लग्न." मी हो म्हटलं होतं. दुसरं काही म्हणण्याची सोय नव्हती.

कॉलेजचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. शहाद्याच्या स्टँडवर गाडी बदलून जावं लागायचं, एवढं पुरे. नवं कॉलेज, अर्धी इमारत बांधलेली, अर्धीच्या भिंतींना अजून गिलावा नाही. भौतिकशास्त्राच्या वर्गात बावीस मुलगे आणि मी. प्रात्यक्षिकाला दोघादोघांच्या जोड्या असायच्या. बावीस मुलग्यांच्या अकरा जोड्या झाल्या आणि मी उरले. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. उलट बरंच झालं. जोडीदार नव्हता म्हणून प्रत्येक आकडा मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा लागायचा.

तो प्रयोग प्रकाशाचा होता. दोन सपाट काचपट्ट्या घ्यायच्या, एकीवर एक ठेवायच्या. एका कडेला त्या एकमेकींना टेकलेल्या, दुसऱ्या कडेला मधे केसासारखी बारीक तार. म्हणजे दोघींच्या मधे हवेची एक पाचर तयार होते, एकीकडे काहीच नाही आणि दुसरीकडे तारेच्या जाडीएवढी. वरून पिवळ्या दिव्याचा उजेड सोडायचा आणि मायक्रोस्कोपमधून खाली पाहायचं.

तो दिवा लाकडी खोक्यात असायचा. बटण दाबलं की आधी गुलाबी, डाळिंबाच्या दाण्यासारखा उजेड यायचा, आणि दहाएक मिनिटांत तो हळूहळू पिवळाजर्द व्हायचा. खिडक्यांना काळे पडदे. त्या उजेडात दुसरा कुठलाही रंग जगत नसे. माझ्या साडीचे लाल काठ काळे दिसायचे. मुलांचे चेहरे राखेचे. कुंकू म्हणजे कपाळावरचा काळा डाग. पहिल्या दिवशी मी हात पुढे धरून बघत राहिले होते, हा माझाच का म्हणून.

आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावला. शेतात उसाच्या सऱ्या पाडतात ना, तशा रेघा. पिवळी, काळी, पिवळी, काळी, एका अंतरावर, सरळ, शेवटपर्यंत. काचेवर कुणी काही काढलेलं नव्हतं. काच मीच पुसली होती. वरच्या काचेच्या खालच्या पाठीवरून थोडा उजेड परत येतो, खालच्या काचेच्या वरच्या पाठीवरून थोडा. दुसरा जरा जास्त चालून आलेला असतो. उजेड म्हणजे लाट. दोन लाटांचे उंचवटे जिथं जुळले तिथं पिवळी रेघ. एकीचा उंचवटा दुसरीच्या खड्ड्यात पडला की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि तिथं काळं. पुस्तकात हे सगळं आकृती काढून दिलं होतं आणि मी ते पाठही केलं होतं. पण उजेडात उजेड मिसळून झालेला अंधार मी त्या दिवशी पाहिला. बराच वेळ मी एकही आकडा टिपला नाही.

मग मोजायला बसले. टेकलेल्या कडेपासून तारेपर्यंत पाच सेंटिमीटर. तार गुंडाळलेली छोटी रीळ होती, तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर तारेची जाडी छापलेली, मिलिमीटरचा पाच शतांश. आणि रेघांची रुंदी मायक्रोस्कोप सरकवत मोजायची. माझ्या वीस रेघांना चार पूर्णांक त्र्याण्णव शतांश मिलिमीटर लागले. तीनदा मोजले, तीनदा तेवढेच. एवढ्या तीन आकड्यांवरून त्या पिवळ्या लाटेची लांबी निघते. मिलिमीटरचे एक कोटी भाग करा, त्यातले पाच हजार आठशे त्र्याण्णव भाग म्हणजे पिवळ्या दिव्याची लाट. हे पुस्तकात छापलेलं, जगभर मोजलेलं. माझं उत्तर आलं चार हजार नऊशे तीस.

प्रात्यक्षिकाचे सर पुण्याकडचे. तिशीच्या आतबाहेरचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी वही पाहिली आणि हसले.

"चार हजार नऊशे म्हणजे कुठला रंग, ठाऊक आहे का? हिरवा आणि निळा यांच्या मधला. तुमचा दिवा काय मोरपिशी आहे?"

मुलं हसली.

"दिवा पिवळाच आहे, सर," मी म्हटलं. "म्हणून तर विचारते. चूक दुसरीकडे कुठंतरी असेल."

"चूक तुमच्या डोळ्यांत आहे. रेघांची रुंदी जराशी वाढवा. पाच पूर्णांक नव्वदच्या आसपास धरा. येईल बरोबर."

"पण तेवढी दिसत नाही."

सर माझ्या टेबलाशी वाकले. आवाज बारीक केला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच. "स्वयंपाक येतो ना तुम्हाला? मग थोडं शिजवायला काय होतंय?"

मुलं अशा गोष्टीला 'रीडिंग शिजवणं' म्हणत. उत्तर पुस्तकात बघायचं, उलट्या वाटेनं आकडे काढायचे, मधेमधे थोडी चूक पेरायची म्हणजे खरं वाटतं. सगळे करत.

"घरी येतो, सर," मी म्हटलं. "इथं नाही करत."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी माझी वही मिटली आणि सही न करता माझ्यासमोर ठेवली. त्या वर्षी नियम कडक होता. वहीतल्या प्रत्येक प्रयोगाखाली सही असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. आणि परीक्षेला न बसणं म्हणजे वडिलांच्या लेखी नापासच.

मी हट्टी होते, पण मूर्ख नव्हते. आपलंच काही चुकलं असेल, हे मीही धरून चालले होते. पुढच्या दोन आठवड्यांत मोकळा वेळ मिळेल तेव्हा जाऊन मी तो प्रयोग पुन्हा केला. काचा स्पिरिटनं पुसल्या. तार दुसऱ्या बाजूनं लावली. मायक्रोस्कोप बदलला. चार हजार नऊशे तीस, चार हजार नऊशे चाळीस, चार हजार नऊशे तीस. उजेड माझ्याशी खोटं बोलत नव्हता. कपाटात आधीच्या दोन वर्षांच्या मुलांच्या वह्या होत्या, त्या उघडून पाहिल्या. पाच हजार आठशे नव्वद. पाच हजार नऊशे. पाच हजार आठशे पंच्याऐंशी. एकाचंही चुकलेलं नाही. त्याच काचा, तोच दिवा, तीच रीळ. रागानं माझे कान तापले. इतक्या जणांनी त्या रेघा पाहिल्या आणि एकानंही जे पाहिलं ते लिहिलं नाही?

प्रयोगशाळेत एक शिपाई होते, पन्नाशीचे. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. दिवे लावणं, काचा जागेवर ठेवणं, पडदे ओढणं, सगळं त्यांच्याकडे. वस्तू पुसायचे ते लहान मुलाचं तोंड पुसावं तसे. मी तिसऱ्यांदा काचा मागायला गेले, तेव्हा ते बराच वेळ कपाटाशी पाठमोरे उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता अहिराणीत म्हणाले, "बेन, तुन्ही चूक नही शे."

"म्हणजे?"

"ती तार कंपनीनी नही शे. रेडिओवालापाईन मी लयेल शे."

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळा जुन्या जागेतून इथं हलवताना रीळ त्यांच्या हातून पडली होती. तारेचा असा गुंता झाला की सुटेना, सोडवायला गेले तर तुकडे झाले. नोकरी कच्ची होती. कुणाला न सांगता ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले, तशीच दिसणारी बारीक तार आणली आणि जुन्याच रिळीवर गुंडाळून ठेवली. कागदावरचा आकडा तोच राहिला.

"कोनले सांगू नको," ते म्हणाले. "मन्ही नोकरी जाई."

मी सांगणार नाही म्हणून शब्द दिला. बाहेर येऊन पायरीवर बसले तेव्हा मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. माझा आकडा बरोबर होता! उजेड बरोबर होता, रेघा बरोबर होत्या, आणि चुकीचा होता तो फक्त छापलेला कागद. पण हे सिद्ध करायचं तर बाबांचं नाव न घेता करायला हवं होतं. म्हणजे तारेची जाडी मलाच मोजून दाखवायला हवी होती. कॉलेजातलं जाडी मोजायचं स्क्रूचं यंत्र एक शतांशाच्या खाली जात नसे. पाच की सहा, हे त्यावर छातीठोकपणे सांगता आलं नसतं. सर म्हणाले असते, तुमचा स्क्रू सैल फिरला.

त्या रविवारी घरी बसल्या बसल्या मला ते सुचलं. एक तार मोजता येत नसेल, तर शंभर मोजू. एका बारीक दांडीवर तार शेजारी शेजारी घट्ट गुंडाळायची, शंभर वेढे, आणि मग वेढ्यांची एकूण लांबी पट्टीवर मोजायची. शाळेत सूत काततानाची माझी तकली माळ्यावर पडली होती, तिची दांडी घेतली. बाबांनी मला केरात जाणारा तारेचा तुकडा दिला होता. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून गुंडाळायला लागले. वीस वेढे झाले की एक दुसऱ्यावर चढायचा. पुन्हा सोडायचं, पुन्हा सुरुवात. तार डोळ्यांना धड दिसतही नव्हती.

आई कापूस निवडत बसली होती. तिला सहीचं कळलं होतं. वडिलांना अजून नव्हतं.

"काय मांडलंयस हे?" ती म्हणाली.

मी तिला सांगायला लागले. दोन काचा, मधे हवा, वरून येणारा उजेड. दोन उजेड एकमेकांत मिसळतात आणि मधेच काळी रेघ पडते.

आईचे हात थांबले. "दोन दिवे लावले की अंधार होतो, हे शिकवतात तुला तिथं? आणि त्यासाठी तू रोज दोन गाड्या बदलून जातेस?"

"दोन दिवे नाही गं. एकाच दिव्याचा उजेड, दोन वाटांनी आलेला."

"एकाच घरात दोन वाटा झाल्या की अंधारच होतो," आई म्हणाली आणि परत कापसाला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्या मास्तरला जे हवंय ते लिही ना. तुझं काय जातं? सही मिळेल. वर्ष वाचेल."

"मी पाहिलं नाही ते कसं लिहू?"

"बायका रोज लिहितात," ती म्हणाली. आईला लिहिता येत नव्हतं. तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

चौथ्यांदा तार सुटली तशी तिनं टोपली बाजूला सारली, माझ्या हातातून तकली ओढून घेतली. "इकडे आण. धसमुसळी आहेस." अंगठ्याच्या नखानं प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला टेकवत ती गुंडाळायला लागली. तार तिला दिसत नसावी, ती बोटांनीच कळत होती. विसाच्या हिशेबानं मोजायची. एक वीस, दोन वीस. तोंडानं मला समजावणं चालूच. वाद घालू नकोस, तोंड वर करून बोलू नकोस, आपण गावाकडची माणसं. पाच वीस झाले तेव्हा तिनं तकली माझ्या हातात दिली. मी पट्टी लावली. सहा मिलिमीटर, नेमके. म्हणजे एक तार सहा शतांश जाडीची. कागदावर पाच.

सोमवारी मी सरांकडे गेले नाही. थेट विभागाच्या मोठ्या सरांकडे गेले. ते कुणाशी फारसं बोलत नसत, मुलं त्यांना घाबरत. प्रात्यक्षिकाच्या सरांनाही त्यांनी बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं, फक्त बाबांचं सोडून. मोठ्या सरांनी ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, "जिथं काचा एकमेकींना टेकतात, तिथं रेघ कुठली? पिवळी की काळी?"

"काळी."

"का? तिथं तर हवा नाही. दोन्ही लाटा सारख्याच चालून आल्या. पिवळी हवी."

"खालच्या काचेवरून परत येताना लाट उलटी होते, सर. उंचवट्याचा खड्डा होतो."

"पुस्तकात वाचलंस?"

"आधी काळी दिसली. मग का ते पुस्तकात शोधलं."

ते उठले. आम्ही तिघंही प्रयोगशाळेत गेलो. बाबा कोपऱ्यात उभे होते. मोठ्या सरांनी स्वतः रिळीवरून तार काढायला लावली आणि मला म्हणाले, "गुंडाळ." आईसारखी बोटं माझी नव्हती. तास गेला. दोनदा सुटली. प्रात्यक्षिकाचे सर घड्याळ बघत होते. तिसऱ्यांदा शंभर वेढे नीट बसले. मोठ्या सरांनी भिंग घेऊन आधी वेढे मोजले, मग पट्टी लावली. सहा मिलिमीटर.

त्यांनी माझी वही ओढली आणि मीच मोजलेल्या रेघांवरून, तारेची नवी जाडी घालून, पेन्सिलीनं गणित केलं. पाच हजार नऊशे सोळा.

मी ते पेन्सिलीचं गणित पुन्हा एकदा वाचलं.

"ठीक आहे," प्रात्यक्षिकाचे सर पटकन म्हणाले. "आता पाच हजार आठशे त्र्याण्णव लिहून टाका, मी सही करतो. तेविसाचाच तर फरक."

"नाही, सर. माझं पाच हजार नऊशे सोळा आलंय."

"अहो, पण खरं उत्तर..."

"खरं उत्तर पुस्तकात आहेच. हे माझं आहे."

मोठ्या सरांनी रीळ उचलली, कागद वाचला, फिरवून पुन्हा वाचला. मग विचारलं, "ही तार कुणी बदलली?"

कोपऱ्यात बाबा होते तसेच उभे. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माहीत नाही म्हणणं किती सोपं होतं. पण दोन आठवडे ज्यासाठी भांडले ते एका शब्दात घालवायचं माझ्या जिवावर आलं.

"मला माहीत आहे, सर. पण मी सांगणार नाही."

"काय?"

"प्रयोगाला त्या माणसाच्या नावाची गरज नाही. तारेची जाडी मोजली की पुरतं."

मोठ्या सरांचा चेहरा बदलला. विद्यार्थिनीनं त्यांना असं उत्तर याआधी दिलं नसावं. ते शांतपणे म्हणाले, "मोजमाप बरोबर आहे. पण हा उद्धटपणा मी चालू देणार नाही. उद्या माफीपत्र लिहून आण. त्यानंतर सहीचं बघू."

रात्रभर विचार केला असं काही नाही. एसटीतच मी पत्र लिहिलं, मांडीवर वही धरून. अक्षर हलत होतं. लिहिलं की, मी जे मोजलं ते लिहिलं. ज्याचं नाव विचारलं ते सांगितलं नाही. मोठ्यांसमोर माझा आवाज चढला असेल तर त्याचं मला वाईट वाटतं. पण वरच्या दोन गोष्टींपैकी एकीचीही मी माफी मागत नाही. खाली नाव घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

आठ दिवस काहीच झालं नाही. वह्या जमा करायची तारीख जवळ आली. घरी वडिलांना सांगावं लागलं. ते जेवत होते. ताटावरून उठले नाहीत की ओरडले नाहीत. म्हणाले, "अट अटच आहे," आणि आमटी मागितली. आईनं वाढली. मला वाटलं होतं की आई माझ्या बाजूनं एखादा शब्द बोलेल. ती बोलली नाही, आणि तो अबोला मी तिला पुढे पुष्कळ वर्षं ऐकवला.

शेवटच्या दिवशी बोलावणं आलं. मोठ्या सरांनी वही पुढे केली. प्रयोगाखाली त्यांची स्वतःची सही होती. लाल पेनानं शेरा होता, "उत्तर मध्यम अचूक". माझ्या पत्राबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. बाहेर आले तर प्रयोगशाळेच्या दाराशी बाबा नव्हते. ते कॉलेजच्या फाटकावर होते, स्टुलावर बसलेले.

आदल्या दिवशी ते आपणहून मोठ्या सरांकडे गेले होते आणि सगळं सांगून आले होते. नोकरी राहिली, पण प्रयोगशाळा गेली. फाटक उघडणं आणि बंद करणं, हे काम लागलं.

"बाबा, मी तर सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

"माले माहीत शे." ते फाटकाच्या कडीशी चाळा करत होते. "तुन्हासाठी नही गयू, बेन. माले झोप लागे ना."

मी शिजवून लिहिलं असतं तर हा माणूस अजून आत काचा पुसत असता, हे खरंच आहे. ते मी स्वतःपासून लपवलेलं नाही. पण त्यावर उपाय म्हणून मी खोटं लिहायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांना प्रयोगशाळेतून काढायला नको होतं. ती चूक काढणाऱ्याची. पुढे वर्षभर मी दोनदा मोठ्या सरांकडे जाऊन तसं सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी बाहेरचं दार दाखवलं.

परीक्षेला बसले. पास झाले, दुसऱ्या वर्गात. प्रात्यक्षिकाच्या अंतर्गत गुणांत माझे गुण सगळ्यांत कमी होते. ज्या अकरा जोड्यांनी पाच हजार आठशे त्र्याण्णवच्या अवतीभवती आकडे शिजवले होते, त्या बावीसही जणांना माझ्याहून जास्त मिळाले. त्यांतला एक जण गुणपत्रक घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बघा, काय मिळवलंत?" मी त्याला विचारलं, "तुम्ही मोजल्या होत्या का रेघा?" तो म्हणाला, "दिसल्या होत्या. मोजल्या नाहीत." मला त्याची कीव आली, आणि ती मी तोंडावर दाखवलीही.

वडिलांनी पुढचं वर्ष करू दिलं. लग्नाचं त्यांनी तीनदा काढलं, तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. नंतर मी माझ्या मनानं, माझ्या वेळी केलं. शाळेत शिकवायला लागले आणि आयुष्यभर तेच केलं.

प्रात्यक्षिकाचे सर पुढे मोठ्या जागेवर गेले. निवृत्तीला त्यांचा सत्कार झाला तेव्हा जुने विद्यार्थी बोलावले होते, मलाही पत्र आलं. दोन शब्द बोला म्हणून विनंती होती. मी उत्तर पाठवलं की येता येणार नाही. कारण विचारायला त्या बावीस जणांपैकीच एक जण घरी आला. आता केस पिकलेला, चांगला माणूस.

"एवढं काय धरून बसलात," तो म्हणाला. "क्षुल्लक गोष्ट. कोटीत तेवीस भाग."

मी त्याला चहा दिला. म्हटलं, "त्यांनी मला वर्गासमोर स्वयंपाकाचं विचारलं होतं, ते तुम्हाला आठवतं का?"

त्याला आठवत नव्हतं.

"मला आठवतं," मी म्हटलं, आणि त्याला बिस्किटं पुढे केली. तो गेला. मी सत्काराला गेले नाही.